पकड किती असावी?
अधिक म्हणजे उत्तमच का, या नीतिशास्त्रातल्या जुन्या प्रश्नाला स्पोर्ट्‌स कारच्या चाकांपाशी खणखणीत उत्तर मिळते. 2012 साली आलेल्या टोयोटा जीटी86 ला कंपनीने 17 इंची चाकांवर 215 मिलिमीटर रुंदीचे, प्रियस या हायब्रिड मोटारीलाही मिळणारे मिशलिन टायर मुद्दाम दिले. पकड बेताची असल्याने वळणावर टायर कमी वेगातच, हळूहळू सरकू लागतो आणि चालकाला सावरायला वेळ मिळतो. त्याऐवजी जड, मोठी चाके आणि कडक स्प्रिंग लावले, की खडबडीत रस्त्यावर चाक उसळून जमीन सोडू शकते.

जास्त पकड म्हणजे जास्त सुरक्षितता, हा आक्षेप ब्रेक लावताना खराच आहे. पण पकडीच्या भरवशावर वेग वाढला, की तीच चूक महागात पडते. गीतेच्या सहाव्या अध्यायातला युक्त, म्हणजे बेताच्या, आहारविहाराचा विचार इथे तंतोतंत लागू पडतो. आपली मर्यादा वेळेत कळेल इतकेच बळ घेणे, यातच शहाणपण आहे.