बरोबरी कोणी मोडायची?

कृष्णाकाठी कुस्ती दोनदा लागते. एकदा आखाड्यात, आणि मैदान पांगल्यावर पुन्हा चहाच्या गाड्यापाशी. पहिली अर्ध्या तासात आटोपते, दुसरी वर्षानुवर्षे चालते. कुंडलच्या मैदानावरून परतणारी माणसे असोत की पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतली, त्यांचे मुद्दे ठरलेले असतात: खांदा टेकला होता का, पंच कुठल्या अंगाला उभा होता, डाव हद्दीच्या आत बसला की बाहेर, आणि जुन्या मल्लांच्या काळात हे असले चालले असते का. मग कोणी कवठेपिरानच्या मारुती मानेंचे नाव काढतो, कोणी शिराळ्याकडच्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांना पुढे करतो. आंदळकर 1960चे हिंदकेसरी, माने 1964चे. 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही पदके आणली. आता या दोघांत मोठा कोण? तिथे गाडा अडतो, आणि एखादा खोडसाळ गडी विचारतो, ‘‘समजा, ऐन भरातली दोघांची जोड लावली असती आणि सुटली असती बरोबरीत, तर?’’

प्रश्न थट्टेचा वाटतो, पण तो तत्त्वज्ञानाचा आहे. दोघे खरोखर तुल्यबळ असतील, तर त्यांतल्या एकाला विजयी म्हणण्याचा अधिकार कोणाला आणि तो येतो कुठून?

जत्रेच्या मातीने याला फार पूर्वीच उत्तर दिले होते: असा अधिकार कोणालाच नाही. निकाली कुस्तीत गुण नसतात. पाठ मातीला लागली की हार, एवढा एकच कायदा. दोघांपैकी कोणाचीच पाठ लागली नाही आणि अंधारून आले, की पंच जोड सोडवतात, दोघांचे हात वर करतात आणि इनाम निम्मे-निम्मे होते. यात एक नम्रपणा आहे. आम्हांला फरक दिसला नाही, म्हणून आम्ही तो सांगत नाही, असे पंच एका अर्थी कबूल करतो. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्यांची यादी 1961च्या दिनकर दह्यारींपासून सुरू होते, आणि तिच्यातही काही वर्षांपुढे कोणाचे नाव नाही. त्या रिकाम्या जागांकडे स्पर्धेची नामुष्की म्हणून बघण्याची रीत आहे. त्या यादीतल्या सर्वांत प्रामाणिक नोंदी त्याच असाव्यात, असेही म्हणता येईल.

अर्थात प्रेक्षकाला हा नम्रपणा कधीच पचला नाही. बरोबरीचा पुकारा झाला की निम्मे मैदान ओरडते, आणि ‘नूरा होती’, म्हणजे आधीच ठरवून लढलेली होती, ही कुजबुज तर ठेवलेलीच. हा संशय दर वेळी खोटा असतो असेही नाही. निम्मे इनाम खात्रीने मिळणार असेल तर जीव तोडून लढायचे कशाला, हा हिशेब पैलवानालाही कळतो. म्हणून आता ठरलेल्या वेळेत निकाल लागला नाही, तर कुस्ती ‘गुणांवर’ लावतात. पहिला गुण घेईल तो जिंकला. पंचवीस मिनिटे जे सिद्ध झाले नाही ते एका ताब्याने सिद्ध झाल्याचे मानायचे.

युरोपातही हाच तिढा पडला होता. 1912च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन प्रकारात स्वीडनचा आल्ग्रेन आणि फिनलंडचा ब्योलिंग अंतिम कुस्तीत नऊ तास एकमेकांना भिडून राहिले. निकाल लागेना. शेवटी पंचांनी बरोबरी जाहीर केली आणि दोघांनाही रौप्यपदक दिले. सुवर्ण कोणालाच नाही. जत्रेतल्या निम्म्या इनामाचाच हा भाऊ, पण जरा कंजूष. दोघेही पहिले, असे म्हणता आले असते. ‘पहिला कोणीच नाही’ असे ठरले. बरोबरी म्हणजे दोघांचा विजय की दोघांची हार, हा फरक मातीवर घडत नाही, तो कागदावर घडतो.

आजची आंतरराष्ट्रीय कुस्ती हा तिढा नियमाने सोडवते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या संपल्या आणि गुण समान राहिले, तर आधी पाहतात की जास्त गुणांचा डाव कोणी मारला. तिथेही समान असतील तर ताकिदी कोणाला कमी. तेही सारखे, तर शेवटचा तांत्रिक गुण ज्याचा, तो विजयी. हे तिन्ही निकष निरुपद्रवी दिसतात, पण प्रत्येकाच्या पोटात एक नीती आहे. पहिला म्हणतो, धाडस मोठे. दुसरा म्हणतो, शिस्त मोठी. तिसरा म्हणतो, मागून येऊन गाठले त्याला मान. यांचा क्रम उलटा लावला तर त्याच कुस्तीचा निकाल उलटा लागू शकतो. फुटबॉलच्या 2018च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल गुण, गोलफरक, केलेले गोल आणि आपसातला सामना अशा सगळ्या कसोट्यांवर सारखे निघाले. मग पिवळी कार्डे मोजली गेली. जपानची चार, सेनेगलची सहा. पोलंडविरुद्ध एका गोलने हरत असतानाही जपानने शेवटची काही मिनिटे चेंडू आपसांत घोळवत काढली, कारण कार्डांचा हिशेब त्यांना ठाऊक होता. सद्वर्तनाला बक्षीस द्यायला केलेल्या नियमाने त्या दिवशी हरण्याला बक्षीस दिले.

आणि नीतीचे सगळे निकष संपले की उरते नशीब. 1968च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत नेपल्सच्या उपांत्य सामन्यात इटली आणि सोव्हिएत संघ गोलशून्य राहिले. नाणे उडवले, इटलीच्या कप्तानाचा कौल बरोबर आला आणि पुढे तो चषकही इटलीनेच जिंकला. कुस्तीत तर 2013पर्यंत असा नियम होता की फेरी शून्य-शून्य राहिली, तर पंचाने रंगीत चेंडू काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याच्या हातात प्रतिस्पर्ध्याचा पाय द्यायचा आणि मग पुढची झटापट. पाय हातात आलेला मल्ल बहुतेक वेळा जिंके. वर्षानुवर्षे मेहनत करायची आणि एका चेंडूच्या रंगावर सगळे ठरायचे! 2013च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती खेळांतून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा धावपळ करून जे नियम बदलले गेले त्यांत हा चेंडूही गेला. फार दुःख कोणाला झाले नसावे.

नशिबावर सोडणे आपल्याला परके नाही. निवडणुकीत मते समान पडली की चिठ्ठी काढतात आणि तिला देवाचे नाव देतात. 2017मध्ये मुंबई महापालिकेच्या 220 क्रमांकाच्या प्रभागाचा निकाल अशाच ईश्वरचिठ्ठीने लागला. ईश्वराचे नाव घेतले की हरलेल्याचे तोंड बंद होते, ही त्यातली सोय. पण आखाड्यात ही सोय चालत नाही, कारण तिथे देव दोघांचा एकच असतो. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी सात आजच्या सातारा जिल्ह्यात आहेत: चाफळचे दोन, शिवाय शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव आणि शिंगणवाडी. सांगली जिल्ह्यात बहे आणि शिराळा. या पट्ट्यातल्या तालमीत मारुतीला नमस्कार केल्याशिवाय कोणी हौद्यात पाय टाकत नाही. मग मसूरचा पैलवान आणि शिराळ्याचा पैलवान समोरासमोर आले तर मारुतीने कोणाचे ऐकावे? शिवाय तो असा देव की ज्याने एवढे बळ असून स्वतःच्या विजयासाठी एकही लढाई केली नाही. त्याच्याकडे बळ मागावे हे ठीक. निकाल मागणे म्हणजे त्याला पंचाच्या खुर्चीत बसवणे, आणि ती खुर्ची देवालाही सोसत नाही.

बलरामाला सोसली नव्हती. भीम आणि दुर्योधन हे दोघेही गदायुद्धातले त्याचे शिष्य. कमरेखाली वार करायचा नाही, हा नियम तिघांनाही ठाऊक. भीमाने मांडी फोडली तेव्हा बलराम नांगर उगारून धावला. कृष्णाने भीमाची प्रतिज्ञा सांगितली, मैत्रेयाचा शाप सांगितला, कौरवांचे जुने अपराध मोजून दाखवले. बलरामाला काही पटले नाही. हा अधर्म आहे असे बोलून तो द्वारकेला निघून गेला. कीर्तनात हा प्रसंग कृष्णाच्या बाजूने रंगवतात, आणि युद्धाचा विचार केला तर कृष्णाचे बरोबरही असेल. पण आखाड्यापुरते बोलायचे तर बलरामच खरा. समोरचा माणूस वाईट आहे म्हणून त्याच्याविरुद्ध नियम मोडता येतो, हे एकदा मान्य केले की पुढच्या कुस्तीत पंचाची गरजच उरत नाही. प्रत्येकाचा प्रतिस्पर्धी प्रत्येकाला वाईटच दिसतो.

याहून विलक्षण कथा सांगलीकडच्या जैन घरांत सांगितली जाते. दक्षिण भारत जैन सभेचे घर असलेला हा मुलूख. हद्द ओलांडली की कुंभोजला बाहुबलीची भव्य उभी मूर्ती. ऋषभदेवांचे पुत्र भरत आणि बाहुबली राज्यासाठी समोरासमोर आले, तेव्हा मंत्र्यांनी सैन्ये बाजूला ठेवली आणि तीन फेऱ्या ठरवल्या: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. रक्त न सांडता निकाल लावायची ही युक्ती म्हणजे आपल्या परंपरेतली एक जुनी नियमावलीच. तिन्ही फेऱ्या बाहुबलीने जिंकल्या. हरलेल्या भरताने नियम मोडून चक्र सोडले. ते बाहुबलीला लागले नाही. आणि मग सगळे हातात असताना बाहुबली राज्य टाकून वनात गेला. निकाल पूर्णपणे त्याच्या बाजूचा होता, त्यात शंकेला जागा नव्हती, तरी ज्या गोष्टीसाठी भावावर हात उचलावा लागला ती गोष्ट त्याला नकोशी झाली. आज त्याची पूजा होते ती तीन फेऱ्या जिंकल्याबद्दल नव्हे.

पण प्रत्येक पैलवानाने बाहुबली व्हावे असे सांगणे सोपे, आणि अन्यायाचे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना कोणी हे सांगितले असते तर? 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले, दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बोलून दाखवायला भारतीय पथकाचा कोणी जबाबदार माणूस तिथे नव्हता, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. इथे बरोबरीचा प्रश्न नाही, देवाचाही नाही. नियम होता आणि तो ज्याच्यासाठी होता त्याला मिळाला नाही. याला नशीब म्हणणे म्हणजे कोणाच्या तरी निष्काळजीपणावर पांघरूण घालणे.

चहाच्या गाड्यावरचा वाद नेमका इथेच गढूळ होतो. 2025च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल झाला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे. संतापाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड निर्णयावर चिडून वेळ संपण्याआधीच बाहेर पडला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीचे दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी राक्षेच्या बाजूने बोलताना आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली. त्यानंतर कित्येक दिवस गावोगाव मोबाइलवर तीच चित्रफीत पुढे-मागे होत होती. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही न्यायशास्त्रातली प्रमाणे पारावरच्या माणसांनी नावे न घेता वापरली. एक म्हणे, डोळ्यांनी बघितले. दुसरा म्हणे, कंबर अशी वळली असेल तर खांदा टेकणारच. तिसरा म्हणे, पंच बोलला ना, मग संपले.

खांदा टेकला की नाही, याला एक खरे उत्तर असते. ते पंचाला दिसले नसेल, पण ते आहे. तिथे देवही नको आणि वैराग्यही नको. चांगला कॅमेरा, दाद मागायची सोय आणि न घाबरणारा पंच हवा. बरोबरीत मात्र शोधायला काही लपलेले नसतेच. तिथे विजेता सापडत नाही, तो नेमावा लागतो. म्हणून नेमणुकीची रीत जोड लागण्याआधी दोघांना मान्य हवी. क्रिकेटच्या 2019च्या विश्वचषकात अंतिम सामना बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि चौकार-षटकार जास्त म्हणून इंग्लंड विजेता ठरले. नियम आधी लिहिलेला होता, त्यामुळे फसवणूक झाली नाही. पण तो इतका परका होता की काही महिन्यांत काढून टाकावा लागला. आधी सांगितलेला वाईट नियमही मागाहून केलेल्या चांगल्या नियमापेक्षा न्यायाच्या जास्त जवळ असतो.

येत्या हंगामात कुंडलपासून पुसेगावपर्यंतच्या यात्रा कमिट्यांनी एवढे करावे. मोठी जोड आखाड्यात आली, सलामी झाली, की हलगी वाजण्याआधी कर्ण्यावरून सांगावे: इतकी मिनिटे, निकाल नाही लागला तर गुणांवर, किंवा बरोबरी आणि इनाम निम्मे-निम्मे. जे काय असेल ते. दोन्ही वस्तादांनी मान डोलावल्यावरच हात मिळवू द्यावेत.