हात काळे न करता केलेला रोबो

शालेय रोबोटिक्सच्या कोणत्याही स्पर्धेत जा आणि एखाद्या संघाच्या टेबलापाशी पाच मिनिटे उभे राहा. मुले हुशार असतात, बोलकी असतात. सेन्सर कोणता, मोटर किती आरपीएमची, प्रोग्रॅम कसा लिहिला, सगळे घडाघडा सांगतात. मग रोबोच्या सांध्यातल्या एखाद्या गोल, चकचकीत अॅल्युमिनियमच्या भागावर बोट ठेवा आणि विचारा, "हे कुणी केलं?" बहुतेक वेळा उत्तर येते, "ते बाहेरून करून आणलंय." बाहेर म्हणजे कुठे? सरांना माहीत. कुणी केले? "आहेत एक लेथवाले काका."

त्या काकांचे नाव पोस्टरवर नसते. प्रायोजकाचे असते, मुख्याध्यापकांचे असते, संस्थेच्या अध्यक्षांचे तर फोटोसकट असते.

भाग बाहेरून करून आणण्यात नियमबाह्य काही नाही. अनेक स्पर्धांना ते चालते. माझा आक्षेप वेगळा आहे. जो भाग मुलांनी कापलाच नाही तो 'आमचा' म्हणून दाखवायला आपण त्यांना शिकवतो आणि ज्याला तो कापता येतो त्याला शिक्षक मानायला मात्र आपण तयार नाही. ही लबाडी लहान वाटते, पण ती शाळेत, शिक्षकांच्या देखत, टाळ्यांच्या गजरात होते.

या प्रकारच्या स्पर्धांतली सर्वांत गाजलेली स्पर्धा अमेरिकेतली. संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. एमआयटीतले प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स त्यांच्या जोडीला होते. १९९२ साली न्यू हॅम्पशर राज्यातल्या एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. पुढे रीतच पडली: जानेवारीत त्या वर्षीचा खेळ जाहीर व्हायचा आणि सहा आठवड्यांत हायस्कूलच्या मुलांनी पन्नास-पंचावन्न किलोचा रोबो उभा करायचा. ही मुदतीची अट २०२० पासून उठली, वजन साधारण तेवढेच राहिले. एवढे धूड मैदानात दुसऱ्या धुडांवर आदळते तेव्हा खेळण्यातल्या किटचे तुकडे टिकत नाहीत. अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या कापाव्या लागतात, गिअरबॉक्सच्या प्लेटा मिलिंगवर काढाव्या लागतात, शाफ्ट लेथवर उतरवावे लागतात. अमेरिकेतल्या शाळांमधूनही हातकामाचे वर्ग एकामागून एक बंद पडत गेले होते. अनेक ठिकाणी धूळ खात पडलेली यंत्रे पुन्हा फिरू लागली ती या स्पर्धेच्या निमित्ताने. तिकडे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. प्रायोजक कंपनीच्या सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, भाग काढून आणणारे संघ तिथेही आहेत आणि रोबो मुलांनी केला की मार्गदर्शक इंजिनिअरांनी, हा वाद तिथे जुना आहे. पण निदान वाद तरी आहे. आपल्याकडे तो प्रश्नच कुणी काढत नाही.

आता हातकामातून शिकायला काय मिळते ते जरा जवळून पाहू. समजा ६२०२ नंबरचे बेअरिंग बसवायचे आहे, बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर. त्याचे घर अॅल्युमिनियमच्या तुकड्यात बोअर करायचे आहे. नववीतली एक मुलगी लेथवर उभी आहे आणि बाजूला एक जुने टर्नर. पहिला धडा हँडलवरच मिळतो: टूल अर्धा मिलिमीटर सरकवले की व्यास एक मिलिमीटरने बदलतो. त्रिज्या आणि व्यास यांतला फरक तिने परीक्षेत कितीदा तरी लिहिला असेल. तो विसरला तर जॉब भंगारात जातो, हे आज कळते. मग लक्षात येते की हँडल उलटे फिरवले तर थोडा वेळ स्लाइड हलतच नाही, कारण स्क्रू आणि नटमध्ये प्ले असतो. म्हणून नेहमी एकाच बाजूने पुढे यायचे. अॅल्युमिनियम टूलच्या धारेला चिकटून बसते, त्यासाठी घासलेटचे थेंब सोडायचे. शेवटचा कट होतो. ती लगेच मोजते. बरोब्बर ३५! मास्तर काही बोलत नाहीत, फक्त म्हणतात, "पाणी पिऊन ये."

परत येऊन मोजते तर बोअर दोन शतांश मिलिमीटरने लहान, कारखान्याच्या बोलीत वीस मायक्रॉनने. बेअरिंग आत जायला तयार नाही. कापताना जॉब तापला होता, आता थंड झाला. ३५ मिलिमीटर अॅल्युमिनियमला ३० अंश तापमान वाढले की व्यासात पडणारा फरक साधारण एवढाच. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केले आहे. त्या वाक्यामुळे कधी कुणाचे काम अडले आहे? हिचे अडले. आता ते तिला आयुष्यात विसरता येणार नाही.

थ्रीडी प्रिंटर वाईट नाही. पण प्रिंट चुकली तर मुले आकडा बदलून फाइल पुन्हा पाठवतात आणि घरी जातात. लेथवर जास्त कापले गेले की संपले, कापलेला धातू परत लागत नाही. म्हणून कापण्याआधी विचार करावा लागतो, दोनदा मोजावे लागते आणि चूक झाली तर ती आपली म्हणून सांगावी लागते. चारित्र्यनिर्माणाचे तास आपण वेळापत्रकात शोधत असतो. त्यातला एक तास इथे आहे.

हे आपल्याकडे सांगणारे काही कमी झाले नाहीत. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेसाठी वाचन-हिशेबाबरोबर शेतीचे ज्ञानही मागितले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले. भाऊराव पाटील शिक्षणकार्यात पूर्ण वेळ उतरण्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले होते. लोखंडाशी आणि शेतकऱ्याशी असा संबंध आलेल्या माणसाने पुढे श्रम करून शिकण्याची परंपरा घालून दिली, हा योगायोग नसावा. अलीकडचे उदाहरण डॉ. श्रीनाथ कलबागांचे. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला हा शास्त्रज्ञ १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेला आणि तिथे त्याने विज्ञान आश्रम उभा केला. आठवी ते दहावीची खेड्यातली मुले तिथे वेल्डिंग करायला, मोजमाप घ्यायला, हिशेब ठेवायला शिकली.

पण कलबागांच्या कामाचे आपण काय केले? ते गरिबांच्या, 'अभ्यासात मागे पडणाऱ्या' मुलांसाठी आहे असे ठरवून मोकळे झालो. पत्र्याला भोक पाडणारा मुलगा खेड्यातल्या शाळेत असेल तर त्याच्या भवितव्याची आपल्याला काळजी वाटते. तेच भोक शहरातल्या महागड्या क्लासमध्ये पाडले की त्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. आणि खरे तर तिथेही भोक पाडलेले तुकडेच किटमधून येतात.

हा रोग जातीच्या उतरंडीतून आला आहे, हे स्पष्ट बोललेले बरे. हत्यार धरणारा खाली आणि पोथी वाचणारा वर, ही विभागणी कायद्याने गेली, मनातून गेली नाही. आता पोथीच्या जागी स्क्रीन आली एवढेच. खंडेनवमीला आपण लेथला झेंडूचा हार घालतो, पण लेथवाल्याच्या घरात मुलगी द्यायची म्हटली की दहा वेळा विचार करतो. मुलगा आयटीआयला टर्नरचा ट्रेड घेतो म्हणाला तर घरात सुतक पडते. आणि याच घरातून रोबोटिक्सच्या क्लासची फी बिनतक्रार भरली जाते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. संघात मुली असतात, फोटोत पुढे असतात. त्यांच्याकडे काम येते प्रेझेंटेशनचे, पोस्टरचे, फार तर कोडिंगचे. हॅकसॉ मुलांच्या हातात. वर ही वाटणी आपोआप झाली असे सांगितले जाते.

पालक विचारतील, बोट गेले तर? भीती खोटी नाही. लेथ हे क्षमा न करणारे यंत्र आहे. म्हणूनच त्याचे नियम पक्के आहेत: डोळ्यांवर गॉगल, केस घट्ट बांधलेले, ओढणी नाही, चकची चावी चकमध्ये विसरायची नाही, यंत्र थांबल्याशिवाय मोजायचे नाही. हातमोजे घालायचे नाहीत, हे ऐकून पालक दचकतात. पण फिरत्या जॉबने मोजा पकडला की तो हातासकट ओढला जातो. राखी, कडे, मनगटातला नवसाचा दोरा, सगळे काढून ठेवायचे. दोरा कोणत्या देवस्थानचा आहे हे चक विचारत नाही. हे नियम पाळून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, एका वेळी एक विद्यार्थी, असे काम करता येते. ज्या मुलांना आपण सोळाव्या वर्षी चोरून स्कूटर चालवू देतो त्यांच्याबद्दल ही काळजी जरा उशिराच आठवते.

सीएनसी आल्यावर हाताने शिकून काय उपयोग, असेही म्हणतात. ज्याने फीड आणि कटचा आवाज कानाने ऐकलेला नाही, तो सीएनसीला चुकीचा आकडाच जास्त वेगाने देईल. याहून अधिक उत्तराची त्या आक्षेपाला गरज नाही.

पैशाचे म्हणाल, तर अटल टिंकरिंग लॅब मिळालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सगळ्या शाळांना ते मिळत नाही आणि प्रत्येक शाळेने लेथ घ्यावा असेही माझे म्हणणे नाही. सुरुवातीला एक भक्कम व्हाइस, चार कानशी, हॅकसॉ, गुण्या, व्हर्नियर आणि आटे पाडायचा टॅपसंच पुरे. आयटीआयचा फिटर आजही लोखंडाचा ठोकळा कानशीने सपाट आणि काटकोनात आणण्यापासूनच सुरुवात करतो. पुढच्या कामासाठी राज्यात ४००हून अधिक सरकारी आयटीआय आहेत. भोसरी, सातपूर, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर इथे तर शाळेपासून हाकेच्या अंतरावर अशी माणसे आहेत, ज्यांनी उभा जन्म मायक्रॉनशी झुंजण्यात घालवला. २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या हाताखाली घालवण्याची सूचना आहे. ते दिवस सहलीत आणि स्नेहसंमेलनाच्या तालमीत खर्च करू नका.

ज्या शाळांत रोबोटिक्सचा संघ आहे त्यांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. या वर्षी त्या लेथवाल्या काकांकडे ड्रॉइंग पाठवू नका, मुले पाठवा. किंवा शनिवारी त्यांनाच शाळेत बोलवा, रोबोटिक्सच्या सरांना जो तासाचा दर देता तोच त्यांना द्या, आणि शिक्षकांच्या यादीत त्यांचे नाव लिहा. स्पर्धेच्या पोस्टरवर कोणता भाग कोणत्या विद्यार्थ्याने केला आणि कोणता बाहेरून आणला, ते खरेखुरे छापा. बक्षीस कदाचित हुकेल. हुकू द्या.