एकादशीचा ताळा

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, सणसरला मुक्काम पडतो. दुसऱ्या दिवशी बेलवाडीत अश्व धावतात आणि सोहळा निमगाव केतकीत येतो. पुढे इंदापूर, सराटी, मग नीरा ओलांडून अकलूज. वाट ठरलेली असते, तारीख मात्र दरवर्षी वेगळी. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला आणि २०२६ची २५ जुलैला. निमगावच्या पानमळ्यांत कामाचे दिवस धरणाऱ्याला, पाण्याच्या टँकरची सोय लावणाऱ्या ग्रामपंचायतीला, दिंडीच्या पंगतीचा शिधा भरणाऱ्या घराला ही मागंपुढं होणारी तारीख आधीच कळावी लागते. आणि ती कितीही उत्कट भजन केलं तरी कळत नाही. हिशेब करूनच काढावी लागते.

श्रद्धा आणि गणित यांचं नातं हा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली भाषणं होतात. एकात दोघांचं हाडवैर सांगितलं जातं, दुसऱ्यात सगळं गणित वेदांत होतंच असं सांगितलं जातं. मला दोन्ही भाषणं आळशी वाटतात. महाराष्ट्रात या दोघांचा शतकानुशतकांचा रोजचा व्यवहार आहे, त्याचे कागद आहेत, भांडणं आहेत, निकालही आहेत. त्या व्यवहाराचं नाव पंचांग. श्रद्धेचा खरेपणा तिथे एका साध्या कसोटीला लागतो: आपणच विचारलेल्या प्रश्नाचं गणितानं दिलेलं उत्तर ती मान्य करते का?

आधी हिशेब पाहू. अमावास्येला सूर्य आणि चंद्र आकाशात एकाच अंशावर असतात. तिथून चंद्र पुढे सरकतो. दोघांतलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. अंतर १२० अंश झालं की शुद्ध एकादशी लागते, १३२ झालं की संपते. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणून एकादशी दरवर्षी अकराएक दिवस मागे येते. ही तूट साठत गेली की ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत, म्हणजे नव्या राशीत प्रवेश, होत नाही तो अधिक धरतात आणि एकादशी अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. १९ वर्षांत असे सात अधिक महिने येतात. २०२३चा अधिक श्रावण आषाढीनंतर आला, म्हणून २०२४ची आषाढी पुढे गेली; २०२६ला ज्येष्ठच अधिक, म्हणून उडी त्याच वर्षी दिसते.

इतकं सरळ असतं तर पंचांगावरून वाद झालेच नसते. चंद्राचा वेग सारखा नाही. कधी तो दिवसाला जेमतेम बारा अंश चालतो, कधी पंधरा. त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटोपते, एखादी पावणेसत्तावीस तास रेंगाळते. एखाद्या तिथीला सूर्योदयच मिळत नाही आणि तिचा क्षय होतो. एखादीला दोन मिळतात आणि तिची वृद्धी होते. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघून आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पंढरपुरात पोचायचं, तर अशा क्षयवृद्धीनं वाटेतला एखादा दिवस वाढतो किंवा कमी होतो. वारकऱ्यांचा नियम याहून बारीक आहे. सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे ९६ मिनिटं, अरुणोदय धरतात. त्या वेळी दशमीचा अंश शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीनं विद्ध झाली. भागवत संप्रदाय मग उपवास दुसऱ्या दिवशी करतो. पंचांगात 'स्मार्त' आणि 'भागवत' अशा दोन एकादश्या छापलेल्या दिसतात, त्याचं कारण हे. दहा मिनिटांची चूक झाली तर लाखो माणसांचा उपवास दुसऱ्याच दिवशी जाईल. इतकी कडक मागणी शेती, व्यापार किंवा सरकारी महसूल यांपैकी कुणीही कालगणनेकडे केली नव्हती; ती केली भक्तीनं.

ही मागणी पुरवणाऱ्यांत कोकणातल्या नांदगावचे केशव आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचं स्थान फार मोठं आहे. गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' रचलं. त्यात ज्या-कोटिज्यांची कोष्टकं त्यांनी काढूनच टाकली, आणि कालगणनेचे अजस्र आकडे हाताळावे लागू नयेत म्हणून ११ वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रं पाडली. गावातल्या जोशाला पाटीवर पंचांग करता येईल इतकं ते सोपं झालं, आणि पुढची तीन-साडेतीनशे वर्षं महाराष्ट्राचे सणवार त्याच्यावर चालले. याच गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहून नुसत्या रीतींना उपपत्ती दिल्या. मला या घराण्यात सर्वांत मोलाची वाटते ती केशवांची शिस्त: आकाश पाहावं, ग्रंथातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत फरक दिसला तर ग्रंथ दुरुस्त करावा.

पुढच्यांनी ग्रंथ जपला, शिस्त मात्र सोडली. एकोणिसाव्या शतकात ग्रहलाघवी गणित आणि आकाश यांत उघड फरक पडू लागला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि १८६५पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्यानं नवं पंचांग काढलं. ते 'पटवर्धनी' म्हणून ओळखलं गेलं आणि फार थोड्यांनी स्वीकारलं. विरोध करणारे मूर्ख नव्हते. त्यांचं म्हणणं असं की ग्रहण डोळ्यांना दिसतं, तिथं आकाशाशी जुळणारं गणित घ्या. व्रताचं फळ अदृष्ट असतं, तिथं ऋषींचंच गणित हवं. त्यांच्या परंपरेत 'बाणवृद्धी रसक्षय' असा नियम होता: साठ घटकांची तिथी फार तर पाचनं वाढून ६५ घटकांची होईल, किंवा सहानं घटून ५४ची. आकाशातली खरी तिथी ५० ते ६७ घटकांपर्यंत हलते. म्हणजे प्रश्न असा उभा राहिला, की चंद्र नियमाबाहेर गेला तर चुकला कोण?

माझं मत स्पष्ट आहे. व्रत तिथीचं आहे आणि तिथी चंद्रसूर्यांची आहे. मग चंद्रसूर्य जिथे आहेत तिथेच ती मोजली पाहिजे. अदृष्ट फळासाठी चुकीची वजाबाकी चालते असं म्हणणं ही श्रद्धा नव्हे. ज्या ग्रंथाच्या नावानं हा हट्ट धरला गेला, त्याच्या कर्त्याच्या वडिलांनीच तो मानला नसता. सुधारणेच्या बाजूचे लोकही काही श्रद्धाहीन नव्हते. 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले, बागलकोटचे वेंकटेश बापूजी केतकर, छत्र्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांना व्रतं बुडवायची नव्हती. एकादशी खऱ्या एकादशीलाच व्हावी म्हणून ते भांडत होते. ख्रिस्ती जगातही हेच घडलं. ईस्टरचा दिवस वसंतसंपाताशी बांधलेला आणि जुनं वर्ष किंचित लांब, म्हणून संपात सरकत गेला. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी कॅलेंडरातले दहा दिवस गाळले. प्रॉटेस्टंट इंग्लंडनं ते गणित पोपचं म्हणून १७५२पर्यंत नाकारलं. गणित बरोबर असूनही ते कुणी मांडलं यावरून नाकारणं आपल्यालाही परकं नाही.

पण आपल्या पंचांगवादाची खरी खोली पुढे आहे. मुंबईला १९०४, पुण्याला १९१७ आणि सांगलीला १९२० साली पंचांगाच्या परिषदा झाल्या. तोवर आकाशाशी जुळणारं गणित घ्यावं हे बरंचसं मान्य झालं होतं. उरला प्रश्न आरंभाचा. राशिचक्राचा शून्य अंश कुठे मानायचा? टिळकांच्या पक्षानं रेवतीची एक मंद तारका धरली, केतकरांनी चित्रेसमोरचा बिंदू. दोघांत साधारण चार अंशांचं अंतर आहे. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि इतरांच्या घरी चौदाला. दोन्ही बाजूंचं गणित अचूक आहे. कितीही सूक्ष्म वेध घेतले तरी कोणतं शून्य 'खरं' हे आकाश सांगत नाही, कारण आकाशात शून्याची खूण कुठेच नाही. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारनं कालगणना सुधारणा समिती नेमली, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. त्या समितीनंही शेवटी निवडच केली, चित्रापक्षाची. 

आणि इथे वजाबाकीची एक किमया आहे, जी मला शाळेत कुणी दाखवायला हवी होती. एका पंचांगात सूर्य १०० अंशांवर आणि चंद्र २२० वर असेल, तर दुसऱ्यात ते १०४ आणि २२४ वर असतील. फरक दोन्हीकडे १२०. वादग्रस्त शून्य दोन्ही बाजूंनी कटून जातं आणि एकादशी तीच राहते! संक्रांतीवरून दोन घरं भांडतील, तिथीवरून भांडूच शकत नाहीत. अमावास्या त्या चार दिवसांच्या फटीत सापडली तर मात्र संक्रांत कुठल्या चांद्रमासात पडली यावर एकमत होत नाही, अधिक महिना बदलतो आणि सण महिनाभर मागंपुढं होतात. पण तिथेही वाद महिन्याच्या नावाचा असतो, तिथीचा नसतो.

यावरून कुणी लगेच म्हणेल, की बघा, गणितालाही काहीतरी गृहीत धरावं लागतं, म्हणजे गणितही श्रद्धाच. हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवर ऐकलं आहे आणि ते चूक आहे. युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोयाई यांनी बदललं आणि नवी भूमिती उभी राहिली. कुणाचं काही भंगलं नाही. गृहीतक बदलून पाहता येतं, ते बदलून पाहण्यासाठीच असतं. निमगावच्या मुक्कामी पायाचे फोड दाबत बसलेली म्हातारी विठोबा बदलून पाहत नाही. तिचा त्याच्याशी संबंध आहे, ते तिचं गृहीतक नाही. या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की दोघींचाही अपमान होतो.

भास्कराचार्यांना हा भेद कळत होता. बीजगणितात शून्यानं भागून येणाऱ्या 'खहर' राशीबद्दल ते सांगतात, की तिच्यात काही मिळवलं किंवा तिच्यातून काही काढलं तरी ती बदलत नाही. आणि दाखला देतात तो अच्युताचा, ज्याच्यात प्रलयकाळी सगळे जीव सामावतात आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी तो तसाच राहतो. दाखल्याची दिशा पाहा. कठीण राशी समजावी म्हणून त्यांनी ओळखीचा देव पुढे केला. राशीवरून देव सिद्ध करायला ते गेले नाहीत. पुढच्या गणितानं शून्यानं भागणं बाद ठरवलं, भास्कराचार्यांचा नियम गेला, आणि विष्णुभक्तीला त्याची झळही लागली नाही. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. १२०७ सालचा त्याचा शिलालेख देवीच्या देवळात होता आणि भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. देवीच्या देवळात गणिताच्या मठाचा लेख असण्यात त्या काळच्या कुणाला काही विचित्र वाटलं नसावं. 

उलट बाजूनंही असा प्रामाणिकपणा दिसतो. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते आणि देव मानणारे नव्हते. तरी १९६२च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'मध्ये त्यांनी वारीच्या वाटांचा संबंध पशुपालकांच्या प्राचीन, ऋतुमानानुसार होणाऱ्या स्थलांतरांशी जोडला. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण पाहताना मला ते आठवतं. वारीला भाबडेपणा म्हणून त्यांनी झटकलं नाही, पायी हिंडून तिचा अभ्यास केला.

खरी लबाडी तिसऱ्याच ठिकाणी आहे: गणिताची अचूकता उसनी घेऊन जिचा ताळा कधी दिला नाही अशी गोष्ट विकणं. पंचांगातली ग्रहस्थिती सेकंदापर्यंत बरोबर असते. तिच्यावरून काढलेली कुंडलीही गणितानं बरोबर असते. म्हणून तिच्यावरचं भाकीतही बरोबर असेल असं माणसाला वाटतं आणि मुलीचं लग्न अडतं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हे तपासलं. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० कुंडल्या जमवल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के; नाणं उडवलं असतं तर ५० टक्के आली असती. हा निबंध २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात खून झाला. ते आकडे मात्र कुणी खोडून दाखवलेले नाहीत.

नारळीकरांच्या चाचणीची रीत छापलेली आहे. तिला पैसा फारसा लागत नाही. दोनशे जन्मवेळा, थोडं संख्याशास्त्र आणि निकाल मान्य करायची तयारी लागते. ज्यांचा पत्रिकेवर मनापासून विश्वास आहे, त्यांनीच ती पुन्हा करावी, आपल्या तालुक्यात, आपल्या विश्वासातल्या ज्योतिषांना घेऊन, आणि जो आकडा येईल तो जाहीर करावा. एकादशीसाठी आपल्या पणजोबांच्या पिढीनं एवढं केलं होतं.