अर्धा चमचा साखर



तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जाणारे आपले एक बंधू परवा मिस्सानंतर थांबले. उपवासकाळाचे ४० दिवस त्यांनी मटण आणि गोडधोड पूर्ण सोडले. वजन उतरले. ईस्टरनंतर दोन महिन्यांत होते तेवढे झाले! त्यांच्या पत्नीने असे काहीच सोडले नव्हते. चहातली साखर मात्र त्या दर दोन महिन्यांनी अर्धा चमचा कमी करत गेल्या. रात्रीचा भातही थोडा थोडा कमी केला. आता पाहुण्यांकडचा गोड चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

“फादर, मग त्याग मोठा कुणाचा?”

त्याग तुमचाच मोठा, मी म्हटले. पण ॲरिस्टॉटल इथे एक भेद करतो. एकाला हाव सुटते आणि तो ती आवरतो. दुसऱ्याची हावच निवलेली असते. संयमी तो दुसऱ्याला म्हणतो. असा संयम एकाच निश्चयाने येत नाही, लहान कृती पुन्हा पुन्हा केल्याने अंगी बाणतो. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्विनास खादाडपणाचे पाप अन्नात नव्हे, बेशिस्त वासनेत पाहतात. (अंगाने जाड तो खादाड, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

मग उपवास फुकट गेला का? नाही. वासनेला नकार देता येतो, हे त्यांना कळले. फक्त चाळीसही दिवस डोळा ईस्टरच्या ताटावर होता.

शिफ्ट सुटल्यावर बोईसर स्टेशनजवळ ते दोन वडापाव खातात. मी म्हटले, एक खा.

“एवढंच?” ते हसले.

नाताळला विचारणार आहे.