पहाटेचा एकांत

शास्त्रपाठ : मार्क 1:32–39



कफर्णहूम गावातील त्या दिवसाचा वृत्तांत आपण अनेकदा ऐकला आहे. शब्बाथ दिवशी प्रभूने सभास्थानात शिक्षण दिले व अशुद्ध आत्मा लागलेल्या मनुष्यास मुक्त केले. मग शिमोनाच्या घरी जाऊन तापाने पडलेल्या त्याच्या सासूस उठविले. सूर्य मावळून शब्बाथ संपतो न संपतो तोच लोकांनी आपापले दुखणेकरी आणिले, आणि सारे गाव दाराशी लोटले. एवढ्या श्रमानंतर कोणी उजाडेपर्यंत निजला, तर त्यास कोण दोष देईल? परंतु प्रभू अंधार असताच उठला व निर्जन ठिकाणी जाऊन प्रार्थना करू लागला.

आपण काय म्हणतो? 'पेरणीचे दिवस आहेत.' 'मुले लहान आहेत.' 'चार खेड्यांची फेरी आहे.' हीच सबब प्रभूलाही सांगता आली असती. पण काम फार होते म्हणूनच त्याने एकांत शोधिला.

मी स्वतः या बाबतीत चुकलो आहे. एका सुगीत मंडळीची कामे वाढली आणि माझा पहाटेचा नेम सुटला. दिवसभर घरोघरी मी इतरांसाठी प्रार्थना करीत असे. एकटा मात्र देवापुढे कधी बसत नसे. अशात बांधाच्या तंट्यावरून दोन भाऊ माझ्याकडे आले. त्यांचे पुरते ऐकून न घेता मी धाकट्यास टाकून बोललो. शब्द खरे होते, पण त्यांत प्रीती नव्हती. तो उठून गेला, व कित्येक महिने उपासनेस आला नाही. अखेर त्याच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली, तेव्हा तो इतकेच म्हणाला, "पाळकसाहेब, त्या दिवशी तुम्ही आमच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली नाही." ते बोल अजून माझ्या काळजात आहेत.

कोणी म्हणेल, 'घरात एकच खोली. दार लावून प्रार्थना कोठे करू?' बंधो, प्रभूचे तर स्वतःचे घरही नव्हते. तो रानात गेला. शेताचा बांध, विहिरीची पायरी, गोठ्याचा कोपरा, हीच तुझी खोली. अर्धी घटका पुरे. वाचता येत असल्यास चार ओळी वाच. नसल्यास रविवारी ऐकलेले एक वचन मनात घोळव. थोडा वेळ निवांत बस. मग घरच्यांची, आणि ज्याच्याशी तुझा तंटा आहे त्याचीही नावे देवापुढे घे. पहाट साधत नसेल तर दुसरी वेळ धर, पण ती ठरलेली असू दे. दानीएल हा 120 अधिपतींवर नेमलेल्या तिघा अध्यक्षांपैकी एक होता. तरी तो दररोज तीनदा गुडघे टेकीत असे.

आता पुढे काय झाले ते पाहा. शिमोन व त्याचे सोबती प्रभूस शोधीत आले. सारे गाव त्याची वाट पाहत होते. तरी तो मागे न फिरता आसपासच्या गावांस निघाला. कोणते काम करावे व कोणते सोडावे, हे त्याने गर्दीस विचारले नाही. पित्याजवळून उठून तो मार्गास लागला. उपदेशक बंधूंनो, जो प्रथम देवापुढे बसत नाही, तो दिवसभर लोकांच्या हाकांमागे धावतो, आणि ज्या दारी देवाने त्यास पाठविले असते, ते दार राहून जाते.

उद्या पहाटे आपली वाट पाहणारा पिता आपणांस जागे होण्याची कृपा देवो. आमेन.