देवही परागंदा होतात

दोडामार्गच्या बाजारातून डिचोलीच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात गोवा सुरू होतो. सावंतवाडीतून वेगळा होऊन दोडामार्ग तालुका झाला 1999 साली, पण या हद्दीवरची ये-जा कितीतरी जुनी आहे. आज इथली तरुण मुलं नोकरीधंद्यासाठी रोज गोव्यात उतरतात. सोळाव्या शतकात माणसांचा ओघ उलटा होता. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतून कुटुंबं बाहेर पडत होती, कुणी उत्तरेला, कुणी पूर्वेला, कुणी दक्षिणेला कारवारकडे. आणि त्यांच्याबरोबर देवही गाव सोडत होते.

पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा बेट घेतलं. 1540 च्या सुमारास तिथली देवळं पाडली गेली, 1543 मध्ये बारदेश आणि साष्टी त्यांच्याकडे गेले आणि 1560 मध्ये इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय सुरू झालं. त्याच काळात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. दिवाडी बेटावरच्या सप्तकोटेश्वराला डिचोलीजवळ नार्व्यात आसरा मिळाला. पुढे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार आरंभला, तसा शिलालेख तिथे आहे. बहुतेक देव ज्या अंत्रुज महालात पोचले तो तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता, हे मुलांना सांगताना सहसा गाळलं जातं. ते गाळू नये. हिंदू देवांना मुसलमान सुलतानाच्या मुलखात निवारा मिळाला, ही या इतिहासातली साधी आणि महत्त्वाची गोष्ट आहे.

एवढं सगळं ऐकून दहा-बारा वर्षांचं मूल एक प्रश्न विचारणारच. देव जर देव होता, तर तो पळाला का?

मराठी मुलांसाठी वनवासाच्या गोष्टी भरपूर लिहिल्या गेल्या आहेत, पण या प्रश्नापाशी त्या क्वचितच थांबतात. रामाची चौदा वर्षं आणि पांडवांची तेरा वर्षं मोजून संपतात आणि राज्य परत मिळतं. आळंदीच्या चार भावंडांची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगितली जाते. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर उघड्यावर पडलेली ही मुलं. त्यांनी रात्री काय खाल्लं, धाकट्या मुक्ताबाईला कुणी जवळ घेतलं, दारं बंद करणाऱ्या गावाकडे निवृत्तीने कोणत्या नजरेनं पाहिलं, हे आपल्या बालपुस्तकांत फार थोडं येतं. रेडा वेद बोलतो, भिंत चालते आणि अपमान फिटतो. चमत्कार लवकर आला की उपाशीपणाची पानं वगळता येतात.

इतिहासातल्या मुलांचंही तेच होतं. 1666 मध्ये महाराज आग्र्याहून निसटले, ते पेटारे सगळ्यांना पाठ असतात. नऊ वर्षांचे संभाजीराजे मात्र मथुरेत परक्या घरी मागे राहिले आणि ते वारल्याची आवई उठवली गेली. बापाने आपल्या मरणाची बातमी पसरवली आहे आणि आपण जिवंत आहोत, हे त्या वयात कसं पेललं असेल? 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा शाहूराजे सात वर्षांचे होते. औरंगजेबाच्या छावणीत त्यांचं सगळं बालपण आणि तारुण्याची सुरुवात गेली, सुटका झाली ती थेट 1707 मध्ये. आई येसूबाई त्यानंतरही बारा वर्षं अडकून राहिल्या. मुलांच्या पुस्तकात ही अठरा वर्षं बहुधा एका वाक्यात संपतात. मोठ्या माणसांना विजयापर्यंत पोचायची घाई असते. या घाईमागे एक श्रद्धा आहे, की सत्याच्या बाजूला देव असतो आणि देव हरत नाही. ती श्रद्धा खोटी ठरवायचं कारण नाही. पण ज्या मुलाचं घर खरंच गेलं आहे, त्याला ती पुरत नाही.

गोव्याच्या इतिहासात तर मुलं मध्यभागी आहेत. 1559 च्या पोर्तुगीज हुकुमाने पोरक्या हिंदू मुलांना नातेवाइकांकडून काढून गोव्यातल्या सांव पावल कॉलेजात ठेवायचं आणि ख्रिस्ती करायचं ठरलं. पुढे नुसते वडील वारले आणि आई हयात असली तरी हा हुकूम लावला गेला. म्हणून काका, मामा, आज्या अशा मुलांना हद्दीपार नेऊन लपवत. मुलांसाठी गोव्याच्या स्थलांतरावर पुस्तक लिहायचं तर ते इथून, नदीपार पाठवलेल्या बिनबापाच्या पोरापासून सुरू व्हायला हवं. देवाची पालखी त्याला नंतर भेटेल.

इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयाच्या भीतीत जगलेलं आणखी एक घर गोव्यात होतं. वैद्य गार्सिया द ओर्ता मूळचा ज्यू वंशाचा, पोर्तुगालमधून 1534 मध्ये इथे आला. अहमदनगरच्या निजामशहावरही त्याने उपचार केले. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. तो 1568 मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जाळण्यात आलं आणि 1580 मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. दिवाडीचा गावकर आणि लिस्बनचा ज्यू वैद्य यांचं दुःख एकाच सत्तेकडून आलेलं होतं.

ज्यूंनी देवाच्या पळण्याचा प्रश्न फार आधी सोसला होता. इ.स.पू. 586 च्या सुमारास जेरुसलेमचं मंदिर पडलं आणि लोकांना बाबिलोनला नेलं गेलं. देव मंदिरातच राहतो असं मानलं, तर देव संपला होता. त्यांच्या धर्मपंडितांनी पुढे वेगळं मांडलं. लोक जिथे जिथे हद्दपार झाले, तिथे तिथे देवाचं सान्निध्यही त्यांच्याबरोबर हद्दपार झालं. असा देव संकट टाळत नाही, पण तो माणसांना एकटंही सोडत नाही.

कोकणी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. इथल्या गावऱ्हाटीत देव गावचा वडीलधारा असतो. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात, त्याचा कौल घेतात, त्याला त्याच्या जबाबदारीची आठवण करून देतात. गावावर जे येतं ते त्याच्यावरही येतं. म्हणून मंगेश पळाला नाही, तो आपल्या माणसांबरोबर निघाला, असं मुलाला प्रामाणिकपणे सांगता येतं. आणखी एक गोष्ट सांगता येते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, परतीची वाट मोकळी झाली, तरी मंगेश प्रियोळलाच राहिला आणि शांतादुर्गा कवळ्यालाच. चारशे वर्षांत आसऱ्याची जागाच घर झाली होती. आपल्या बालपुस्तकांना हा शेवट अपुरा वाटेल. वाढत्या वयाच्या वाचकाला तो पेलेल, किंबहुना त्याला असाच शेवट मिळायला हवा.

परदेशी किशोर साहित्याने वाचकावर हा विश्वास दाखवला आहे. एस्तर हाउत्झिग यांचं 1968 सालचं ‘द एंडलेस स्टेप’ हे त्यांच्या स्वतःच्या लहानपणाचं पुस्तक. 1941 मध्ये सोव्हिएत सैनिकांनी या ज्यू मुलीला आईवडिलांसह व्हिल्नाहून सैबेरियात नेलं. तिथे थंडी होती, भूक होती, बटाट्यांसाठी राबणं होतं. पण मागे राहिलेल्या व्हिल्नातल्या बहुतेक ज्यूंना जर्मनांनी मारलं. ज्या शिक्षेला तिचं कुटुंब शाप समजत होतं, तिनेच त्यांना वाचवलं. यात देवाची कृपा पाहायची का? मग जे मागे राहून मेले त्यांचं काय? चांगलं किशोर पुस्तक हा प्रश्न वाचकाच्या हातात देतं आणि उत्तराची सक्ती करत नाही. सोव्हिएत रशियाने अशाच हाकललेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे 5,000 जण, बहुतांश बायका आणि मुलं, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. म्हणजे सैबेरियाची ही कथा घाट चढून गेलं की आपल्याच मुलखात येऊन पोचते.

गोव्याच्या इतिहासातलं सगळ्यात कठीण पान साष्टीतल्या कुंकळ्ळीचं. जुलै 1583 मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट धर्मप्रसारकांना ठार केलं. पाडलेली देवळं आणि जाच यांचा तो संताप होता. मेलेल्या पाद्र्यांपैकी रुदोल्फ आक्वाविवा काही महिन्यांपूर्वीपर्यंत अकबराच्या दरबारात होते. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. एकजण नदीत उडी टाकून निसटला, असं सांगतात. इथपर्यंत वीरकथा सरळ जाते. पण जुन्या ख्रिस्ती वृत्तांतात त्या दिवशी मेलेल्यांत डोमिनिक नावाचा मुलगाही आहे. तो कुंकळ्ळीचाच, राशोलला शिकणारा, आणि त्याला मारलं ते त्याच्या सख्ख्या काकाने, असं तो वृत्तांत म्हणतो. मुलांच्या पुस्तकात डोमिनिकला जागा मिळायला हवी. तो वगळला तर छळ फक्त समोरच्यांनीच केला, असं वाचक शिकेल. कुंकळ्ळीची स्वतःची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. दरवर्षी फाल्गुनात बारा छत्र्या आणि गुलालाच्या धुरळ्यात तिची मिरवणूक कुंकळ्ळीत परत येते, आणि ख्रिस्ती झालेल्या घराण्यांतले लोकही तिच्यात सामील होतात. ज्यांनी धर्म सोडला आणि ज्यांनी गाव सोडलं, ते दोघेही त्या संकटातून जगले. त्यांच्यापैकी कोण अधिक निष्ठावान, हे ठरवायचं काम मुलांवर टाकू नये.

दोडामार्गच्या मुलांना हा विषय समजायला सोळाव्या शतकापर्यंत जावं लागत नाही. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या 1990 च्या करारातून झालेल्या तिलारी धरणासाठी पाल, पाट्ये, आयनोडे, सरगवे, शिरंगे, केंद्रे ही गावं उठली. घरांबरोबर देवळंही पाण्याखाली गेली. नोकऱ्या आणि भरपाईसाठी धरणग्रस्तांना वर्षानुवर्षं उपोषणं, आंदोलनं करावी लागली. इथे कुणी कुणाचा धर्म बदलायला निघालं नव्हतं. कारण होतं शेतीचं आणि पिण्याचं पाणी, आणि ते खरोखर लाखोंच्या उपयोगाचं आहे. पण बुडालेल्या गावातल्या म्हातारीचं गाऱ्हाणं आणि कुठ्ठाळीहून निघालेल्या बाईचं गाऱ्हाणं यांत फार अंतर नसावं. तिलारीचं पाणी कालव्याने डिचोली, पेडणे आणि बारदेशात जातं. ज्या बारदेशातून एकेकाळी माणसं जीव घेऊन निघाली, तिथली आजची घरं सह्याद्रीच्या पायथ्याच्या विस्थापित गावांचं पाणी पितात. पुनर्वसन गावठाणांत वाढलेली मुलं आता वाचत्या वयाची आहेत, आणि त्यांच्या आजीआजोबांना जुन्या गावच्या वाटा, राखणदाराची जागा, देवळापुढचं झाड अजून आठवतं. हे विचारून लिहून काढायचं काम दोडामार्गच्या एखाद्या शाळेतली मुलंच सुरू करू शकतात.