हाडांनाही नाव असते



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभा मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवते. २ तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरी साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. मिस्साबलीत आपल्या माणसांची नावे वाचली जातात. हे सारे करताना एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कोणत्या क्रुसाखाली कोण निजले आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्यांच्या हाडांवर कुणाचेच नाव नाही, त्यांचे काय? मेलेल्या माणसाचे, आणि तेही अनोळखी माणसाचे, आपण काही देणे लागतो का? या महिन्यात या प्रश्नावर थोडा विचार करू या.

सुरुवात गोव्यापासून करतो. जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला गेलेले भाविक तो अर्धा उरलेला उंच लाल मनोरा पाहून परततात. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना हाकलले, मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. या ढिगाऱ्यात एका राणीची हाडे असावीत, असे जुने पोर्तुगीज लेख सांगत होते.

ती राणी म्हणजे जॉर्जिया देशातील काखेती राज्याची केतेवान. इराणचा शहा अब्बास याच्या कैदेत ती शिराझ शहरात सुमारे दहा वर्षे होती. आपला ख्रिस्ती विश्वास सोडण्यास तिने नकार दिला, म्हणून १६२४ साली तिला हाल हाल करून मारण्यात आले. त्या वेळी शिराझमध्ये असलेल्या ऑगस्टीन संघाच्या धर्मगुरूंनी तिचा देह गुपचूप बाहेर काढला आणि त्यातील काही अवशेष गोव्याच्या मठात आणले. मठातील एका चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ते ठेवले आहेत, अशी नोंद होती. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा तिला संत मानते. जॉर्जियाचे लोक आपल्या राणीला शोधायला गोव्यात पुन्हा पुन्हा आले. शेवटी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या उत्खननात २००४ साली त्या खिडकीच्या जवळ हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला.

पण हाड बोलत नाही. ते राणीचे की आणखी कुणाचे, हे ठरवायचे कसे? हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी हाडातून डीएनए काढला. आईकडून मुलांकडे जाणारा जो डीएनए असतो, त्याची त्यांनी तपासणी केली. त्यात ‘यू१बी’ नावाचा वंशगट सापडला. दक्षिण आशियातील २२ हजारांहून अधिक लोकांच्या नमुन्यांत तो नव्हता. जॉर्जियातील ३० जणांत तो दोघांमध्ये आढळला. हा निष्कर्ष २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसी येथे, भारताच्या वतीने भेट दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी घरी गेली.

ही गोष्ट ऐकताना ऊर भरून येतो. पण तिचा आणखी एक भाग आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. प्रयोगशाळेत एकच हाड गेले नव्हते. मठाच्या त्याच परिसरातील आणखी दोन हाडे तपासली गेली. त्यांचा वंशगट भारतीय उपखंडातला निघाला. म्हणजे ती राणीची नव्हती, आपल्याच मातीतल्या माणसांची होती. तपासाच्या दृष्टीने त्यांचे काम संपले. राणीचे हाड वेगळे आहे हे ठरवायला ती उपयोगी पडली. त्यांना मात्र नाव मिळाले नाही. त्यांच्यासाठी विमान आले नाही, मानवंदना झाली नाही.

आता जरा हे शास्त्र समजून घेऊ. सांगाड्यावरून माणूस ओळखण्याच्या शास्त्राला न्यायवैद्यक मानवशास्त्र म्हणतात. कमरेच्या हाडांवरून तो सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा हे कळते. हाडांची टोके मधल्या दांड्याशी जुळली आहेत की नाहीत, यावरून तरुण माणसाचे वय सांगता येते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज येतो. दात, जुने मोडून जुळलेले हाड, वर्षानुवर्षे ओझे वाहून झिजलेले मणके, हे सगळे त्या माणसाच्या आयुष्याबद्दल काही ना काही सांगते. एवढे करूनही शास्त्रज्ञाच्या हातात काय येते? ‘तिशीतील स्त्री, उंची पाच फूट, डावा हात कधीतरी मोडलेला.’ हे वर्णन झाले. हे नाव नव्हे.

नाव कळायला दुसऱ्या बाजूला कुणीतरी लागते. ‘आमची अमुक परत आली नाही’ असे सांगणारे कुणीतरी हवे. जुळवून पाहायला आईचे किंवा भावंडाचे रक्त हवे, दवाखान्यातला जुना एक्स-रे हवा, एखादा कागद हवा. केतेवानला डीएनएने एकट्याने ओळखले नाही. तो डीएनए जॉर्जियातल्या कोणत्याही स्त्रीचा असू शकला असता. धर्मगुरूंनी लिहून ठेवलेली जागा, तिच्या देशाने जपलेली आठवण आणि शास्त्रज्ञांचे श्रम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा ते हाड केतेवान झाले. यातून एक गोष्ट लक्षात येते. बेनाव हाडे बहुधा अशा माणसांची असतात, ज्यांना कुणी शोधले नाही, किंवा ज्यांना शोधणाऱ्यांचे कुणी ऐकून घेतले नाही.

इथे कुणी म्हणेल, “फादर, देवाला सगळ्यांची नावे ठाऊक आहेत. पुनरुत्थानाच्या दिवशी त्याला आपल्या प्रयोगशाळेची गरज नाही. मग एवढा खटाटोप कशाला?” हा आक्षेप हलका नाही. ज्या संताच्या नावाचा तो मठ होता, त्या संत ऑगस्टीननेच तो गंभीरपणे विचारात घेतला आहे. साधारण ४२१ साली नोला शहराचे बिशप पाउलिनस यांनी त्याला विचारले होते की, हुतात्म्याच्या कबरीजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो का. त्यावर ऑगस्टीनने एक छोटा ग्रंथच लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: अंत्यविधीचा थाट मृतापेक्षा जिवंतांच्या समाधानासाठी असतो, आणि ज्याला कबरही लाभली नाही त्याचे देवाजवळ काहीही कमी होत नाही. पण याच विचारवंताने हेही सांगितले की, मृताचा देह टाकून देण्याची वस्तू नाही. वडिलांचे वस्त्र किंवा अंगठी मुलांना प्रिय असते. मग देह तर त्याहून कितीतरी जवळचा.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर उत्तर सापडते. हाडांना नाव मिळाल्याने मृताच्या तारणात भर पडत नाही. बिघडलेले असते ते आपल्या बाजूचे, आणि दुरुस्तही तेच होते. माणूस हरवला आणि कुणी विचारले नाही, याचा अर्थ आपण सर्वांनी मिळून असे ठरवले की तो असला काय आणि नसला काय, सारखेच. हे असत्य आहे. देव एकेका माणसाला नावाने ओळखतो असे आपण मानत असू, तर माणसांनी एकमेकांना ‘एक अनोळखी इसम’ म्हणून सोडून देणे हे त्या श्रद्धेच्या विरुद्ध जाते. देवाला ठाऊक आहे, हे आपल्या आळसाचे निमित्त होऊ शकत नाही. भुकेल्याला भूक आहे हेही देवाला ठाऊकच असते.

अर्जेंटिनातील एक उदाहरण पाहा. तिथे लष्करी राजवटीत हजारो माणसे नाहीशी करण्यात आली. त्यांचा शोध घेणाऱ्या आयांना साथ दिली म्हणून डिसेंबर १९७७ मध्ये लिओनी दुके या फ्रेंच धर्मभगिनीला पळवून नेण्यात आले आणि जिवंतपणी विमानातून समुद्रात टाकण्यात आले. तिचा देह किनाऱ्याला लागला. गावच्या दफनभूमीत तो बेनाव पुरला गेला. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांच्या मार्गदर्शनाखाली १९८४ पासून काही तरुणांनी तिथे सांगाडे ओळखण्याचे काम सुरू केले होते. त्या पथकाने २००५ साली सिस्टर लिओनीला ओळखले. ज्यांनी तिला मारले त्यांना ‘अशी कुणी बाई नव्हतीच’ असे म्हणायचे होते. तिच्या हाडांनी ते खोटे पाडले. तिची सोबतीण सिस्टर अलीस दोमों मात्र आजवर सापडलेली नाही.

ओळख पटण्याचा संबंध मागे राहिलेल्यांच्या आयुष्याशीही आहे. ज्याच्याबद्दल सात वर्षे काही कळले नाही, तो मेला असे कायदा गृहीत धरू शकतो. तोवर जमीन, विमा, पेन्शन सगळे अडून राहते. ख्रिस्तसभेचा नियम आणखी काटेकोर आहे. जोडीदाराच्या मृत्यूचा पुरावा नसेल तर बिशपांनी चौकशी करून मृत्यू गृहीत असल्याचे जाहीर केल्याशिवाय दुसरे लग्न लावता येत नाही, आणि माणूस बरीच वर्षे घरी आला नाही एवढेच कारण पुरत नाही. त्या बाईच्या कपाळी ना सौभाग्य, ना वैधव्य. एका हाडाची ओळख पटली तर तिला निदान रडायला जागा मिळते.

इथे एक कटू सत्यही सांगायला हवे. हाडे ओळखण्याचे हे शास्त्र ज्या हाडांवर शिकले गेले, ती बहुतांशी गरिबांची आहेत. अमेरिकेत सेंट लुइस येथे जमवलेला टेरी संग्रह प्रसिद्ध आहे. त्यातल्या १,७०० हून अधिक सांगाड्यांपैकी बरेच अशा मृतांचे आहेत, ज्यांचा देह न्यायला कुणी आले नाही. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती अनेक वर्षे भारतातून गेलेले सांगाडे होते. सरकारने १९८५ साली ही निर्यात बंद केली. आपल्याकडे १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. मिरजेच्या दवाखान्यांत आपल्यापैकी कितीतरी जण बरे होऊन आले. तिथल्या डॉक्टरांचे हात कुणाच्या तरी देहावर तयार झाले आहेत. जिवंतपणी ज्यांना समाजाने काही दिले नाही, त्यांनी मरणानंतर समाजाला दिले, आणि तेही त्यांना न विचारता. यात वैद्यकशास्त्राला दोष देण्याचा हेतू नाही. पण हे ऋण आहे, आणि ऋण ओळखावे लागते. स्वतःच्या इच्छेने, लिहून देऊन देहदान करणे हा ते फेडण्याचा एक सन्मान्य मार्ग आहे. ख्रिस्तसभेची त्याला हरकत नाही.

या कर्तव्याला मर्यादाही आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ देह मिळाले, ५७ माणसे सापडली नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. जिवंत जवानांचा जीव धोक्यात घालून मृतांना काढणे योग्य ठरले नसते. तिथे ती भूमीच त्यांची कबर झाली. पण फरक ध्यानात घ्या: त्या ५७ जणांची नावे लिहिली गेली. देह सापडला नाही तरी माणूस बेनाव राहिला नाही. शोधाला मर्यादा असू शकते, विसरण्याला परवानगी नसते.

आपल्या कुंडल-पलूस भागासाठी याचा अर्थ काय? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. ते देह ओळखायला गाव उभे होते, घरचे उभे होते. पण सगळ्यांच्या मागे गाव उभे नसते. आता गळीत हंगाम सुरू होत आहे. ऊसतोडीच्या टोळ्या येत आहेत, उसाच्या फडाकडेला पालांची वस्ती वाढते आहे. मुकादमाच्या वहीत कोयत्यांचा हिशोब असतो. त्या कोयत्यामागचे नवरा-बायको कोणत्या गावचे, त्यांच्या लेकरांची नावे काय, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? रेल्वेच्या रुळाजवळ किंवा कृष्णेच्या पात्रात कुणी सापडले की पेपरात चार ओळी येतात आणि प्रकरण मिटते. माणूस मेल्यावर बेवारस होतो असे आपण म्हणतो. खरे तर बहुतेक वेळा तो जिवंत असतानाच बेवारस झालेला असतो.

बायबलमधला तोबित परक्या देशात रस्त्यावर पडलेली आपल्या लोकांची प्रेते उचलून पुरत असे, आणि त्यापायी त्याने घरदार गमावले. मिसरमधून घाईघाईने निघतानाही मोशेने योसेफाची हाडे सोबत घ्यायला विसर पडू दिला नाही. मृताला मूठमाती देणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे, हे लहानपणी आपण सर्वांनी पाठ केले आहे.

म्हणून या महिन्यात तीन साध्या गोष्टी करू या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, दफनभूमीतल्या ज्या जुन्या कबरींवरची अक्षरे पुसली आहेत, त्यांची नावे रजिस्टरमध्ये लिहून घेऊ. ज्यांच्या घरचे कुणी बेपत्ता आहे, त्यांनी लाजेपोटी गप्प न राहता पोलिसांत नोंद करावी. अनोळखी देहाशी जुळवून पाहायला दुसऱ्या बाजूला तुमचाच कागद लागणार आहे. आणि आपल्या शेतात ऊस तोडायला आलेल्या माणसाला, पाणी देताना, त्याचे नाव विचारू.

गोव्याच्या त्या दोन बेनाव हाडांसाठीही या रविवारच्या मिस्साबलीत प्रार्थना करू. देव त्यांना ओळखतो. आपल्यालाही त्यांची आठवण असावी.

तुमचा धर्मगुरू